निराकार चित्राचा अर्थ आणि अहेरीचें रान

आधुनिक चित्रांचें प्रदर्शन पाहून बाहेर पडणाऱ्या सुशिक्षित माणसाच्या तोंडीं एक प्रश्न हटकून येतो : "हें कशाचें चित्र आहे?" प्रश्न रास्त आहे. शाळेंत मास्तर फळ्यावर आंबा काढतात आणि वर्गांतील मुलें तो आंबा उतरवून घेतात. ज्याचा आंबा आंब्यासारखा दिसतो त्याला गुण अधिक. या शिक्षणावर वाढलेल्या माणसापुढें पुरुषभर उंचीचा एखादा कॅनव्हास आला, त्यावर केवळ पिवळसर तांबडा रंग पसरलेला असला आणि मधून मधून कांहीं पुसट आकृति तरंगत असल्या, तर त्यानें आंबा शोधूं नये तर काय करावें? आंबा सांपडत नाहीं, म्हणून तो चित्रकाराला लबाड ठरवितो किंवा स्वतःला अडाणी. बहुधा तो मनांतल्या मनांत दोन्हीही ठरवितो आणि घरीं जाऊन चहा पितो.

अशा माणसाच्या मदतीला कलेचा इतिहास लिहिणारे पंडित येतात. ते सांगतात कीं, या चित्रांत वस्तु नसली तरी तत्त्वज्ञान आहे. हें ऐकून प्रेक्षकाची अडचण कमी होते कीं वाढते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. जेथें आंबाही नाहीं तेथें तत्त्वज्ञान कोठून आलें, पंडितांना तें कसें दिसलें, आणि तें साध्या माणसास दिसावें म्हणून काय करावें लागेल, एवढ्या तीन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे. मात्र तो मुंबईच्या किंवा पॅरिसच्या चित्रशाळेंत बसून न करतां अहेरीच्या बाजूनें करावयाचा आहे.

अहेरीच कां, असें कोणी विचारील. प्राणहिता नदीच्या बाजूस वसलेलें हें गांव आज गडचिरोली जिल्ह्यांत आहे. १९८२ सालीं तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तें चांदा म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे, आणि त्याच्याही पूर्वीं एका मोठ्या गोंड जमीनदारीचें तें मुख्य ठिकाण होतें. जवळच आलापल्लीचें सागवानाचें प्रसिद्ध रान आहे. भोंवतालच्या मुलखांत गोंड आणि माडिया लोकांची वस्ती आहे. आधुनिक चित्रकलेच्या चर्चेसाठीं या बाजूस जावें असें शहरी माणसाच्या स्वप्नांतही येणार नाहीं. परंतु वस्तूचें रूप न दाखवितां अर्थ सांगणाऱ्या खुणा पाहावयाच्या असतील, तर त्या येथें पावलोपावलीं आहेत.

माडिया लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. त्या दगडावर मृताचा चेहरा कोरलेला नसतो. एक अनघड शिळा जमिनींत रोवलेली असते, आणि पाहणाऱ्यास ठाऊक असतें कीं, ही शिळा म्हणजे अमुक एक माणूस. गोंड स्त्रियांच्या अंगावर गोंदण असतें : ठिपके, रेषा, त्रिकोण. मेल्यावर सोनेंनाणें सारें मागें राहतें, गोंदण तेवढें बरोबर येतें, अशी समजूत आहे. त्या ठिपक्यांत फूल नाहीं, पांखरूं नाहीं, तरी जन्माची सोबत करील एवढा अर्थ त्यांत भरलेला आहे. गोंडांचा जो मोठा देव, पेर्सा पेन, त्याला नाकडोळे असलेली मनुष्याकृति मूर्ति नाहीं.

शहरांतील वाचकानें या गोष्टी रानटी म्हणून बाजूस सारूं नयेत. त्याच्या मूळ गांवच्या वेशीवर शेंदूर फासलेला देवीचा तांदळा असतो. त्याच्या देवघरांत शाळिग्राम आणि बाण पूजेंत असतात. त्याच्या अंगणांत ठिपक्यांची रांगोळी निघते. तांदळ्याला कोणी चांदीचे डोळे बसविले तर बसविले. नाहीं बसविले म्हणून देवीचें देवीपण उणें होत नाहीं. शाळिग्राम कशासारखा दिसतो, असें आजीला कोणी विचारीत नाहीं. निराकार खुणेपुढें उभें राहून तिचा अर्थ मनांत घेण्याची शक्ति आपल्या लोकांत परंपरेनें आलेली आहे. चित्रांच्या दालनांत शिरतांना मात्र आपण ती चपलांबरोबर दाराशीं ठेवून जातों.

तरीही एक फरक आहे, आणि तो नीट ध्यानांत घेतला पाहिजे. तांदळ्याचा अर्थ एकट्यादुकट्याचा नसतो. त्याच्यामागें सबंध गांव असतें. जत्रा, नवस, कुळाचार असतात. माडियाच्या शिळेमागें त्याचें कूळ असतें. विसाव्या शतकांतील चित्रकारानें कॅनव्हासवर एक काळा चौकोन काढला, तर त्याच्यामागें कोणतें गांव आहे? १९१५ च्या अखेरीस रशियांत पेट्रोग्राड येथें भरलेल्या प्रदर्शनांत काझिमिर मालेविच या चित्रकारानें असाच एक काळा चौकोन मांडला, आणि तो भिंतीच्या कोपऱ्यांत छताजवळ टांगला. रशियन घरांत देवाच्या चित्राची जागा तीच. म्हणजे त्यानें देवघराची जागा घेतली, परंतु कुळाचार कोठून आणणार? चौकोन पोरका राहिला. कलेतिहासाच्या पंडिताचें खरें काम येथें सुरू होतें. पोरक्या खुणेचें गांव कोणतें, तिचे पूर्वज कोण, ती कोणत्या मुलखांतून आली, हें त्यानें शोधून द्यावयाचें असतें. हें काम करतांना पंडितांनीं जीं उत्तरें दिलीं, त्यांतील तीन येथें घेऊं.

पहिलें उत्तर जर्मनींतून आलें. विल्हेल्म व्होरिंगर या विद्वानानें १९०८ सालीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या नांवाचा अर्थ मराठींत "अमूर्तता आणि समरसता" असा करतां येईल. त्यापूर्वीं अशी सर्वसाधारण समजूत होती कीं, हुबेहूब काढतां येत नाहीं म्हणून लोक रेघोट्या ओढतात. व्होरिंगरनें या समजुतीस धक्का दिला. त्याचें म्हणणें असें कीं, कलेच्या मुळाशीं माणसाच्या मनाच्या दोन निरनिराळ्या ओढी आहेत. ज्याला भोंवतालचें जग आपलेंसें वाटतें, तो त्या जगाशीं समरस होऊन पानें, फुलें, शरीराचे अवयव आवडीनें काढतो. ज्याला जग अफाट, चंचल आणि भयकारक वाटतें, तो त्यांतून सुटण्यासाठीं सरळ रेषा, त्रिकोण, वर्तुळ अशा कधींही न बदलणाऱ्या आकारांकडे वळतो. भूमितीचा आकार हा भ्यालेल्या मनाचा विसावा आहे. अशा रीतीनें रेघोटीला प्रथमच मानाचें स्थान मिळालें. ती हाताची उणीव न राहतां मनाची गरज ठरली.

हा सिद्धांत रानांत नेऊन पाहिला तर काय होतें? त्यासाठीं एक साक्षीदार जवळच आहे. सैयद हैदर रझा यांचा जन्म १९२२ सालीं मंडला जिल्ह्यांतील बाबरिया या खेड्यांत झाला. त्यांचे वडील जंगल खात्यांत होते. त्या काळीं मंडला आणि चांदा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्यप्रांतांत होते, दोन्हीकडे गोंडांची वस्ती होती, आणि या दोन्ही जिल्ह्यांतील मुलाला चित्रकला शिकावयाची तर जवळचें मोठें शहर नागपूर. रझा १९३९ सालीं नागपूरच्या चित्रशाळेंत आले, तेथून १९४३ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले आणि १९५० सालीं फ्रान्सला. पुढील साठ वर्षें त्यांचा मुक्काम तिकडेच होता. परंतु लहानपणची रानांतील रात्र त्यांना कधीं विसरली नाहीं. तो दाट अंधार, त्यांतून येणारे आवाज, वाटणारी भीति, तिच्यांत धीर देणारें गोंडांचें नृत्य आणि उजाडल्यावर वाटणारी सुटका, यांविषयीं ते उतारवयापर्यंत बोलत आले. या मुलानें मोठेपणीं कॅनव्हासच्या मध्यभागीं काळें वर्तुळ काढलें. व्होरिंगरच्या सिद्धांतास याहून चांगला दाखला कोठें मिळणार?

पण येथेंच अहेरीची बाजू पुढें येते. त्या रात्रीं जो गोंड नाचत होता त्याचें काय? त्याला रान परकें नाहीं. कोणत्या झाडाचा मोहोर केव्हां गळतो, पाणी कोठें टिकतें, कोणत्या वाटेनें जनावर उतरतें, हें तो जाणतो. व्होरिंगरचें म्हणणें खरें मानलें तर जंगलाशीं एवढ्या समरस झालेल्या माणसानें पानेंफुलें हुबेहूब काढावयास हवीं होतीं. त्याच्या घरांतील बाईच्या हातावर मात्र ठिपके आणि रेषा आहेत. व्होरिंगरनें ज्यांना आदिम म्हटलें त्यांच्या मनांत भीतीच असली पाहिजे असें धरून तो पुढें निघाला. गोंदणाचा ठिपका भीतीपोटीं आला असें कोणास म्हणतां येत नाहीं. तो आपलेपणाची, कुळाची, टिकाऊपणाची खूण आहे. तेव्हां भीति हें निराकाराचें एक कारण असेल, एकमेव कारण नव्हे, एवढाच निष्कर्ष निघतो. दूर देशीं बांधलेला सिद्धांत रानांत नेला कीं अर्धा उरतो, पण तो अर्धाही उपयोगाचा असतो.

दुसरें उत्तर ग्रंथांतून आलें. वासिली कांडिन्स्की या रशियन चित्रकारानें १९११ च्या अखेरीस म्यूनिक येथें कलेंतील आत्मिक तत्त्वाविषयीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. कांडिन्स्की हा अमूर्त चित्रकलेच्या आद्य पुरुषांपैकीं एक. त्याच्या रंगांचा आणि रेषांचा उगम कोठें आहे, याचा शोध फिनलंडमधील कलेतिहासकार सिक्स्टेन रिंगबॉम यानें घेतला आणि १९७० सालीं तो ग्रंथरूपानें मांडला. कांडिन्स्कीनें काय वाचलें, कशावर टिपणें केलीं, हें तपासून रिंगबॉमनें दाखविलें कीं, थिऑसफीच्या विचारांचा त्याच्यावर खोल परिणाम झाला होता. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ सालीं न्यूयॉर्क येथें स्थापन झाली, आणि पुढें १८८२ पासून तिचें मुख्य ठाणें मद्रासजवळ अड्यार येथें होतें. डच चित्रकार पीट मोंड्रियान हाही १९०९ सालीं या संस्थेचा सभासद झाला. हिंदुस्थानांतील कर्म, सूक्ष्मदेह, विश्वाचें एकत्व इत्यादि कल्पना, बऱ्याचशा मोडतोड होऊन कां होईना, या वाटेनें युरोपच्या चित्रशाळांत पोंचल्या. अमूर्त चित्र म्हणजे भिंतीवरची नुसती शोभा, असें म्हणणाऱ्यांस या संशोधनानें उत्तर दिलें.

रझांच्या बाबतींत असेंच काम गीती सेन या विदुषीनें केलें. त्यांचें "बिंदु" हें पुस्तक १९९७ सालीं निघालें. भारतीय विचारांतील अवकाश आणि काल यांच्या कल्पनांशीं रझांचा बिंदु कसा निगडित आहे, हें त्यांनीं त्यांत विवरून सांगितलें आहे. येथें पंडितानें चित्रकारावर कांहीं लादलें असें म्हणतां येत नाहीं. बिंदु, अंकुरण, नाद हे शब्द खुद्द रझांनींच आपल्या चित्रांस दिलेले आहेत. लहानपणीं मन स्थिर राहत नसे म्हणून गांवच्या शाळेंतील शिक्षकांनीं भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसावयास सांगितलें, ही आठवणही त्यांनींच सांगितलेली आहे. १९८० च्या सुमारास तो ठिपका त्यांच्या चित्रांच्या मध्यभागीं येऊन बसला आणि २०१६ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत हलला नाहीं. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचें दफन मंडला येथें वडिलांच्या कबरीशेजारीं झालें.

या दुसऱ्या उत्तराचें मोल मोठें आहे. पण त्यांत एक धोकाही आहे. बिंदु म्हणजे बीज, बिंदु म्हणजे शून्य, बिंदु म्हणजे ब्रह्म, असें एकदां पुस्तकांत वाचलें कीं, प्रेक्षक चित्राखालची पाटी पाहतो, मान डोलावतो आणि पुढें सरकतो. पूर्वीं तो आंबा शोधीत होता, आतां ब्रह्म शोधतो. चित्राकडे पाहण्याचें त्यानें दोन्ही वेळां टाळलेलें असतें. शिवाय एका प्रश्नाचें उत्तर ग्रंथांतून मिळत नाहीं. रझांनीं बिंदूचीं चित्रें पुष्कळ काढलीं. सिद्धांत सर्वांत एकच, परंतु सर्व चित्रें सारखीं उतरलेलीं नाहींत. एखाद्यांतील काळें वर्तुळ श्वास घेत असल्यासारखें वाटतें, तर एखाद्यांतील नुसतें नीटनेटकें दिसतें. हा फरक तत्त्वज्ञानाच्या पुस्तकानें समजावतां येत नाहीं. तो रंगांत, कडेच्या रेषेंत आणि भोंवतीं सोडलेल्या जागेंत असतो.

म्हणून तिसरें उत्तर पाहिलें पाहिजे, आणि त्यासाठीं वासुदेव संतु गायतोंडे यांच्याकडे वळावें लागतें. त्यांचा जन्म १९२४ सालीं नागपूरचा. घराणें गोव्याचें. मुंबईच्या गिरगांवांत चाळींत ते वाढले आणि १९४८ सालीं जे. जे. कलाशाळेंतून त्यांनीं पदविका घेतली. आरंभीं त्यांच्यावर जैन हस्तलिखितांतील आणि पहाडी शैलींतील लघुचित्रांचा, तसाच पॉल क्ले या स्विस चित्रकाराचा प्रभाव होता. पुढें आकृति एकेक करून गळत गेल्या. १९६४ सालीं शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७२ सालीं त्यांनीं मुंबई सोडून दिल्लीस बिऱ्हाड केलें. तेथें निजामुद्दीन भागांतील एका बरसातींत, म्हणजे गच्चीवरच्या खोलींत, ते एकटे राहत. वर्षाकाठीं पांचसहा चित्रें, त्यांहून अधिक नाहींत. १९८४ सालीं अपघातांत त्यांना मोठी दुखापत झाली आणि कांहीं वर्षें मोठे कॅनव्हास हाताळणें त्यांना अशक्य झालें. त्या काळांत कागदावर लहान रेखाचित्रें करून त्यांनीं आपलें काम चालू ठेविलें. २००१ सालीं त्यांचें निधन झालें. आपल्या चित्रांस "अमूर्त" म्हटलेलें त्यांना रुचत नसे. वस्तूशीं संबंध नसलेलीं, एवढेंच ते म्हणत. अमूर्त म्हणावयाचें तर आधीं कांहीं मूर्त असावें लागतें आणि त्यांतून तें काढून टाकावें लागतें. त्यांच्या कॅनव्हासवर काढून टाकण्यासारखी वस्तु मुळांतच नव्हती.

गायतोंडे यांना झेन पंथाविषयीं आस्था होती. रमण महर्षि आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडेही त्यांचा ओढा होता. या आधारावर त्यांना मौनी योगी ठरवून मोकळें होणें सोपें आहे, आणि तसें लिहिणारे पुष्कळ झाले. परंतु चांगले अभ्यासक एवढ्यावर थांबले नाहींत. ज्ञानेश्वर नाडकर्णी यांनीं १९८३ सालीं ललित कला अकादमीसाठीं गायतोंडे यांच्यावर छोटें पुस्तक लिहिलें. पुढें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें २०१४ च्या ऑक्टोबरांत गायतोंडे यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. त्याची मांडणी संधिनी पोद्दार यांनीं केली होती आणि त्याला जें नांव दिलें त्याचा अर्थ "क्रिया हेंच चित्र, जीवन हेंच चित्र" असा होतो. नांवांतच त्यांची दृष्टि प्रकट होते. चित्राचा अर्थ चित्रकारानें काय वाचलें यावरूनच काढावयाचा नाहीं. त्यानें चित्र कसें केलें, याकडेही पाहावयाचें.

तें कसें केलें? गायतोंडे रंग लावण्यासाठीं रोलर फिरवीत आणि सुरीनें रंग पसरवीत व खरवडीत. एका थरावर दुसरा पातळ थर देत, तो अर्धा पुसून टाकीत, पुन्हा वाळूं देत. वर्तमानपत्रें व मासिकें यांच्या कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलून घेत, म्हणजे कोठें रंग उरे आणि कोठें खालचा थर डोकावे. त्यांतून त्या पुसट आकृति उमटत : लिपीसारख्या, पण कोणत्याही लिपींतील नव्हेत. रंग लावण्यापेक्षां वाट पाहण्यांत त्यांचा अधिक वेळ जाई. आतां जो गुण आपण तत्त्वज्ञानांत शोधीत होतों तो येथें हाताला लागतो. आग्रह सोडणें, योग्य क्षण येईपर्यंत थांबणें, केलेलें पुसण्यास न कचरणें, हें सारें त्या कॅनव्हासच्या थरांत प्रत्यक्ष सांठलेलें आहे. झेनचें पुस्तक न वाचलेल्या माणसालाही तें डोळ्यांनीं पाहतां येतें. अर्थ चित्राच्या पाठीमागें दडवून ठेवलेला नसून थरांत मुरलेला आहे.

हें तिसरें उत्तर मराठी वाचकाला अगदीं नवें वाटूं नये. नभोवाणीच्या नोकरींत आयुष्याचीं बरींच वर्षें घालविणारे कवि बा. सी. मर्ढेकर यांनीं १९३७ सालीं कलेविषयीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि १९५५ च्या "सौंदर्य आणि साहित्य" या ग्रंथांत आपला सौंदर्यविचार मराठींत मांडला. कलाकृतींतील संवेदनांची जुळणी तीन प्रकारच्या लयींनीं होते, असें त्यांचें मत : संवाद, विरोध आणि समतोल. रंगाला रंग साथ देतो, रंगाला रंग अडवितो, आणि दोहोंचा तोल कोठें तरी सांवरला जातो. या कसोटीवर आंबा हुबेहूब आहे कीं नाहीं हा प्रश्न गौण ठरतो. गवई आलाप घेतो तेव्हां कशाविषयीं गातो असें आपण विचारीत नाहीं. स्वरांना स्वर कसे भेटतात तें ऐकतों. तोच न्याय डोळ्यांना लावावयाचा.

तेव्हां दालनांत शिरणाऱ्या माणसानें काय करावें? पाटी शेवटीं वाचावी. निदान पांच मिनिटें एकाच चित्रापुढें उभें राहावें. आधीं डोळा कोठें जातो आणि तेथून कोठें ओढला जातो, तें पाहावें. वरचा रंग कोणता आणि त्याखालून कोणता रंग डोकावतो, कोठें जाड आहे, कोठें झिरझिरीत आहे, कोठें पुसलें आहे, तें शोधावें. दोन पावलें मागें जाऊन पुन्हा पाहावें. इतकें झाल्यावर पंडिताचें पुस्तक उघडावें. त्याची प्रत्येक ओळ आतां उपयोगी पडेल, कारण ती कशाविषयीं आहे हें डोळ्याला ठाऊक झालेलें असेल. एवढें करूनही कांहीं चित्रें मुकींच राहतील. राहोत. प्रत्येक कीर्तनांत रंग भरतो असें थोडेंच आहे.

एवढ्यावर भाषण संपवितां आलें असतें, पण अहेरीच्या रानांत पाहिलेल्या गोंदणाचें देणें अजून फेडावयाचें राहिलें आहे. १९८२ सालीं भोपाळ येथें भारत भवन सुरू झालें. तेथील चित्रसंग्रहालयाची जबाबदारी जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. ते स्वतः अमूर्त शैलीचे नामांकित चित्रकार. त्यांच्या पुढाकारानें मंडला जिल्ह्यांतील पाटनगढ या खेड्यांतील जनगढसिंह श्याम हा तरुण गोंड भोपाळला आला. त्यानें आपले देव कागदावर उतरविले, आणि ते सारे बारीक ठिपक्यांनीं आणि रेघांनीं भरले. १९८९ सालीं पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनांत त्याचीं चित्रें जगांतील चित्रकारांच्या बरोबरीनें मांडलीं गेलीं. २००१ सालीं, ज्या वर्षीं गायतोंडे वारले त्याच वर्षीं, जनगढचा जपानमध्यें अकालीं अंत झाला. त्या वेळीं तो चाळिशीच्याही आंत होता.

रझा आणि जनगढ हे दोघेही एकाच मंडला जिल्ह्याचे. दोघांच्याही चित्रांचा प्राण ठिपका. परंतु एकाच्या ठिपक्यावर लिहितांना पंडितांच्या लेखणींतून अवकाश, काल, शून्य हे शब्द उतरतात आणि दुसऱ्याच्या ठिपक्यावर लिहितांना "लोककला" आणि "आदिवासी परंपरा" एवढ्यावर बहुधा भागतें. एकाला तत्त्वज्ञान, दुसऱ्याला जातजमात. स्वामीनाथन यांना हा भेद मान्य नव्हता. १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं आग्रहानें सांगितलें कीं, आदिवासी चित्रकार हा भूतकाळाचा अवशेष नसून तो आपलाच समकालीन आहे. दालनांतील किंमतींकडे पाहिलें तरी प्रश्न टोंचतो. २०१३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या लिलावांत गायतोंडे यांचा एक कॅनव्हास सुमारें २३ कोटि ७० लक्ष रुपयांस गेला. गायतोंडे यांची योग्यता त्यामुळें वाढली नाहीं आणि गोंदणाची त्यामुळें घटली नाहीं. परंतु समाज कोणत्या ठिपक्यापुढें थांबतो आणि कोणत्या ठिपक्यावरून नजर फिरवून निघून जातो, तें यावरून कळतें.

याचा अर्थ सगळे ठिपके सारखेच असा मुळींच नव्हे. रझांचा बिंदु एका माणसानें आयुष्यभर शोधून काढलेला आहे. गोंदणाचा ठिपका पिढ्यान्पिढ्या हातांतून हातीं आलेला आहे. पहिल्यामागें एकट्याचा विचार आहे, दुसऱ्यामागें सबंध कुळाचा. दोन्ही विचारच आहेत, एवढें मान्य झालें तरी पुष्कळ. चित्रकाराच्या कॅनव्हासवर जी कसोटी लावावयाची, तीच अनघड शिळेवर आणि गोंदणावर लावून पाहावी : येथें काय राखलें, काय गाळलें, हात कोठें थांबला, भोंवतीं किती जागा सोडली. ही कसोटी फक्त एकाच बाजूस चालत असेल, तर ती तत्त्वज्ञानाची कसोटी राहिली नाहीं, प्रतिष्ठेची झाली.

मालेविचच्या पोरक्या चौकोनास गांव मिळवून देणें हें पंडितांचें काम होतें, आणि तें त्यांनीं पुष्कळसें पार पाडलें आहे. आतां उलट दिशेचें काम उरलें आहे. ज्या खुणांना गांव आहे, कूळ आहे, पण ज्यांच्यावर ग्रंथ नाहींत, त्यांच्याजवळ जाऊन त्याच धीरानें आणि तेवढ्याच बारकाईनें त्या वाचणें. अहेरीच्या शाळेंतील एखादी मुलगी पुढें कलेतिहास शिकली, तर आपल्या आजीच्या हातावरील ठिपक्यांवर तिनें लिहावें. मालेविच, रझा आणि गायतोंडे तिनें अवश्य वाचावेत. पण त्यांच्याकडून परवाना घेण्यासाठीं नव्हे. सोबत म्हणून वाचावेत.